भास थांबले, तरी काम का जमत नाही? स्किझोफ्रेनियातील लक्ष आणि स्मरण यांच्या पुनर्वसनाविषयी

प्रश्न चोपडा तालुक्यातील एका ताईंचा आहे. त्यांचा धाकटा भाऊ २७ वर्षांचा आहे. चार वर्षांपूर्वी त्याला स्किझोफ्रेनियाचे निदान झाले. औषधे नियमित सुरू आहेत, आणि आवाज ऐकू येणे किंवा शेजारी आपल्याविरुद्ध काही शिजवत आहेत असा संशय येणे हे गेल्या दीड वर्षात झालेले नाही. तरीही दुकानातून तीन वस्तू आणायला सांगितल्या तर तो एकच घेऊन येतो, हातातले काम अर्ध्यावर सोडून खाटेवर जाऊन बसतो, आणि आयटीआयमधला इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम सुटला तो सुटलाच. वडील, म्हणजे आप्पा, म्हणतात की आजार केव्हाच बरा झाला, आता उरला आहे तो आळस. शहरातल्या एका केंद्राने संगणकावरच्या ‘मेंदूच्या व्यायामाचा’ बराच महाग अभ्यासक्रम सुचवला आहे. हा विसराळूपणा आजारातलाच आहे का, व्यायामांनी तो सुधारतो का, आणि गावात राहून घरच्या घरी काय करता येईल, असे ताईंनी विचारले आहे.

ताई, मी व्यवसायोपचारतज्ज्ञ (ऑक्युपेशनल थेरपिस्ट), म्हणजे आजारानंतर रोजची कामे पुन्हा करायला शिकवणारी, म्हणून जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या अशाच कुटुंबांबरोबर काम करते, आणि तुम्ही लिहिलेली तक्रार माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक घरांची असते. तुमच्या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच अडचण आहे. औषधांनी जे साधले आणि आप्पांना भावाकडून जे अपेक्षित आहे, त्या दोहोंच्या मध्ये उपचाराचा एक अख्खा टप्पा राहून गेला आहे, आणि असा काही टप्पा असतो हेच तुमच्या घराला कोणी सांगितलेले नाही. मोडलेले हाड जुळले म्हणून प्लास्टर काढल्याच्या दिवशी माणूस नांगर धरत नाही. मधल्या काळात त्या पायाला पुन्हा चालायला शिकवावे लागते. तुमच्या भावाचे प्लास्टर निघाले आहे, शिकवणे राहिले आहे.

स्किझोफ्रेनियाच्या लक्षणांचे ढोबळमानाने तीन गट पडतात. भास, संशय, असंबद्ध बोलणे हा पहिला. तो सर्वांना दिसतो आणि औषधांचा सर्वांत चांगला परिणाम त्याच्यावरच होतो. उत्साह, बोलणे आणि चेहऱ्यावरचे भाव कमी होणे, स्वतःहून काही सुरू करण्याची ऊर्मी मावळणे हा दुसरा. तिसऱ्या गटात लक्ष टिकवणे, ऐकलेले स्मरणात ठेवणे, माहिती झटपट समजून घेणे, कामाचा क्रम आखणे आणि समोरच्याच्या मनातले ओळखणे या क्षमता येतात. हा तिसरा गट कोणी नव्याने शोधून काढलेला नाही. एमिल क्रेपेलिन या जर्मन मानसोपचारतज्ज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या आजाराचे वर्णन केले, तेव्हा त्याने बुद्धीच्या कामकाजातल्या या घसरणीलाच मध्यवर्ती मानले होते. स्किझोफ्रेनिया हे नाव ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये दिले. त्यानंतर बराच काळ उपचारांचे लक्ष भास आणि संशय यांच्यावरच राहिले, आणि १९९० च्या दशकात मायकेल ग्रीन यांच्यासारख्या संशोधकांनी दाखवून दिले की माणूस पुढे नोकरी करू शकेल का, घर सांभाळू शकेल का, हे भासांपेक्षा या क्षमतांवर जास्त अवलंबून असते. म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे आहे. हा विसराळूपणा आजाराचा भाग असतो, पुष्कळदा तो पहिला झटका येण्याच्या आधीपासून थोडाथोडा सुरू झालेला असतो, आणि भास थांबले की तो आपोआप जाईल असे नसते. एक दिलासाही देते: म्हातारपणातल्या स्मृतिभ्रंशासारखा तो वर्षागणिक ढासळत जाणारा प्रकार सहसा नसतो, आणि तरुण वयात त्याच्यावर काम करण्यासारखे बरेच असते.

तुम्ही दिलेले दुकानाचे उदाहरण जरा जवळून पाहू, कारण सगळा विषय त्यात आहे. आई स्वयंपाक करता करता म्हणते, ‘जाय रे, तेल, मीठ आणि काडीपेटी लई ये.’ घरात टीव्ही सुरू आहे. भावाचे लक्ष आवाजाकडून आईकडे वळेपर्यंत ‘तेल’ हा शब्द निघून गेलेला असू शकतो; म्हणजे तो विसरला नाही, त्याच्यापर्यंत तो शब्द पोचलाच नाही. समजा तिन्ही शब्द पोचले. आता ते दुकानापर्यंत मनात धरून ठेवायचे आहेत, आणि वाटेत पारावरच्या कोणीतरी ‘काय रे, कुठे निघाला?’ असे विचारले की धरलेले सुटते. दुकानात पोचल्यावर दुकानदार ‘किती देऊ, कोणतं देऊ?’ असे घाईने विचारतो, मागे गिऱ्हाइके उभी असतात. एवढ्या वेगात उत्तर जुळवता येत नाही म्हणून जे समोर दिसेल ते घेऊन तो परततो. घरी आल्यावर आप्पा रागावतात, आणि पुढच्या वेळी तो उठतच नाही. शेवटचे हे न उठणे आळसासारखे दिसते, पण त्याच्या मागे तीन वेगवेगळ्या क्षमतांची ओढाताण आणि अपयशाची भीती असते, आणि यातल्या प्रत्येकावरचा उपाय निराळा आहे.

नेमके काय अडते हे घरीच बऱ्यापैकी ओळखता येते. एक दिवस टीव्ही बंद करून, त्याच्या समोर बसून तिन्ही वस्तू सांगा आणि त्याच्याकडून म्हणवून घ्या. दुसऱ्या दिवशी तेवढेच काम चिठ्ठी देऊन सांगा. तिसऱ्या दिवशी चिठ्ठी द्या आणि घरातले कोणी दारापर्यंत त्याच्याबरोबर चालत जा. समोर बसून सांगितल्याने फरक पडला तर अडचण लक्षाची आहे. चिठ्ठीने सगळे आले तर ती स्मरणाची आहे. चिठ्ठी खिशात असूनही तो उठत नसेल आणि कोणी बरोबर निघाल्यावर मात्र नीट जाऊन येत असेल, तर अडचण काम सुरू करण्याची आहे, आणि अशा वेळी स्मरणाचे कितीही व्यायाम करून उपयोग व्हायचा नाही. माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबांना मी हे आधी करून पाहायला सांगते, कारण त्यामुळे उपायाची दिशा ठरते आणि आप्पांसारख्या वडिलांना फरक स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगते, कारण तुमच्या भावाला मी पाहिलेले नाही. व्यायामांचा विचार करण्याआधी डॉक्टरांबरोबर काही गोष्टी तपासून घ्याव्यात. अंगाचा ताठरपणा आणि हातांची थरथर कमी करण्यासाठी ट्रायहेक्सिफेनिडिल नावाची गोळी पुष्कळांना दिलेली असते. ती स्मरणशक्तीवर परिणाम करते, आणि गरज संपल्यावरही ती वर्षानुवर्षे चिठ्ठीवर तशीच पुढे लिहिली जाते. ती अजून लागते का, एवढे विचारा. मात्र तुम्ही स्वतःहून ती किंवा दुसरी कोणतीही गोळी बंद करू नका, कारण ताठरपणा तर परत येतोच, आणि मूळ औषध थांबले तर आजार उलटतो. झोपेची गोळी, दिवसभराची गुंगी, वाढलेले वजन आणि त्याबरोबर झोपेत घोरणे व श्वास अडकणे यांनीही डोके जड राहते. थायरॉईड, रक्तातली साखर, हिमोग्लोबिन आणि बी-१२ जीवनसत्त्व यांच्या तपासण्या एकदा करून घ्या. पूर्ण शाकाहारी घरांत बी-१२ कमी निघणे मुळीच दुर्मीळ नाही. उदासीनता असेल तर तीही विसराळूपणाच्या वेषात येते. चष्मा लागला आहे का, ऐकू नीट येते का, हे तर कोणी विचारतच नाही.

आपल्या भागापुरती आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. या क्षमता मोजण्याच्या चाचण्या बहुधा प्रमाण मराठीत, हिंदीत किंवा इंग्रजीत असतात, आणि घरात अहिराणी, तावडी किंवा सातपुड्याच्या पायथ्याला भिलोरी, पावरी बोलणाऱ्या मुलाला त्या भाषेत शब्दांची यादी पाठ करायला लावली की त्याचे गुण कमी येतात. ते गुण आजाराचे आहेत की भाषेचे, हे कागदावरून कळत नाही. नंदुरबारकडच्या एका आईने मला सांगितले होते, ‘त्याना ध्यानमा काहीच ऱ्हास नई’ (त्याच्या लक्षात काहीच राहत नाही), आणि त्याच मुलाने गावातल्या प्रत्येक घराच्या म्हशीची वीण क्रमाने सांगितली. म्हणून चाचणी होईल तेव्हा सूचना घरच्या बोलीत द्यायला सांगा, आणि निकालाबरोबर घरातली कामे तो कशी करतो याची तुमची नोंदही दाखवा.

व्यायामांनी फरक पडतो का, या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. या उपचारपद्धतीला कॉग्निटिव्ह रेमेडिएशन म्हणतात, आणि तिच्यावर जगभर बरेच अभ्यास झाले आहेत. २०११ मध्ये टिल वाइक्स आणि सहकाऱ्यांनी ४० अभ्यास एकत्र करून पाहिले, तर २०२१ मध्ये अँतोनियो विता आणि सहकाऱ्यांनी १३० अभ्यासांतल्या ८,८५१ व्यक्तींची माहिती एकत्र केली. दोन्ही वेळा निष्कर्ष एकाच दिशेचा आला: लक्ष, स्मरण आणि नियोजन यांत सुधारणा होते, रोजच्या जगण्यातही होते, पण ती सरासरीने लहान ते मध्यम असते. म्हणजे भाऊ पहिल्यासारखा होईल असे आश्वासन कोणी देत असेल तर ते खरे नाही, आणि काहीच होणार नाही असे म्हणणेही खरे नाही. तीनपैकी एक वस्तू आणणारा मुलगा चिठ्ठी बघून तिन्ही आणू लागला, तर चाचणीच्या मोजपट्टीवर तो बदल लहान दिसेल. तुमच्या घरात तो लहान नसतो. या अडचणीसाठी खास म्हणून मान्यता मिळालेले औषध अजून नाही, त्यामुळे हा लहानमध्यम फायदाही मला मोलाचा वाटतो.

त्या २०२१ च्या अभ्यासातली माझ्या दृष्टीने सर्वांत कामाची गोष्ट पुढे आहे. फायदा कोणत्या परिस्थितीत जास्त होतो हे त्यांनी पाहिले, तेव्हा चार घटक पुढे आले: प्रशिक्षित माणूस बरोबर बसून काम करवून घेतो, काम करण्याच्या युक्त्या मुद्दाम शिकवल्या जातात, सराव पुन्हा पुन्हा होतो, आणि हे सगळे रोजच्या जगण्यातल्या पुनर्वसनाशी जोडलेले असते. यात संगणकाचे नाव नाही. संगणक सोयीचा आहे, कारण तो काठिण्य हळूहळू वाढवतो आणि कंटाळत नाही, पण भाऊ एकटाच पडद्यासमोर बसून रंगीत चौकोन जुळवत राहिला तर तो चौकोन जुळवण्यात तरबेज होईल आणि दुकानातून तेल आणायचे तसेच विसरेल. मोबाइलवरचे खेळ, सुडोकू, शब्दकोडी यांच्याबद्दलही माझे हेच मत आहे. ती करू नयेत असे नाही. त्याला आवडत असतील तर जरूर करावीत. फक्त घरातल्या एका ठरलेल्या कामाशी सराव जोडला गेला पाहिजे, आणि ते काम त्याने स्वतः निवडलेले असले पाहिजे.

हे जोडणे प्रत्यक्षात कसे दिसते ते एका उदाहरणाने सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. रावेर-यावल पट्ट्यातल्या एका केळीउत्पादक घरातला मुलगा, वय तिशीच्या आत, भास थांबलेले, दिवसभर घरात. त्याला काय करायला आवडेल असे विचारल्यावर त्याने ‘ड्रिप’ असे एका शब्दात उत्तर दिले. बागेला ठिबकने पाणी देण्याच्या कामात क्रमाला फार महत्त्व आहे. मोटार सुरू असताना पुढच्या तुकड्याचा व्हॉल्व्ह आधी उघडायचा आणि मगच मागचा बंद करायचा. उलटे केले तर पाण्याला वाट राहत नाही, दाब वाढतो आणि नळीचा सांधा निसटतो. हा मुलगा पूर्वी दोनदा उलटे करून बसला होता, म्हणून घरच्यांनी त्याला बागेत जाऊ देणेच बंद केले होते.

आम्ही मोटार बंद ठेवून सुरुवात केली. प्रत्येक व्हॉल्व्हला वेगळ्या रंगाचा ऑइलपेंट लावला आणि त्याच रंगांच्या पट्ट्या क्रमाने एका पत्र्यावर रंगवून तो पत्रा मोटारीच्या खोलीत टांगला. त्याचा मोठा भाऊ आधी मोठ्याने बोलत करून दाखवायचा: ‘हिरवा उघडला, आता लाल बंद.’ मग मोठा भाऊ बोलायचा आणि हा करायचा. त्यानंतर हाच मोठ्याने बोलत करायचा, पुढे पुटपुटत, आणि शेवटी मनातल्या मनात. प्रत्येक पायरीवर मोठा भाऊ इतका जवळ उभा असायचा की चुकीच्या व्हॉल्व्हकडे हात जाण्याआधीच तो योग्य व्हॉल्व्ह दाखवायचा. याला चुकांविना शिकणे म्हणतात. एरवी आपण चुकांतून शिकतो, पण स्किझोफ्रेनियात चूक आणि बरोबर या दोन्ही आठवणी मनात सारख्याच ठसतात आणि पुढच्या वेळी चूकच वर येऊ शकते, म्हणून चूक होऊच न देता शिकवलेले जास्त टिकते. त्याच्या बरोबरीने रोज थोडा वेळ बसून कागदावरचा सराव होता: रंगांचा क्रम लक्षात ठेवून उलटा सांगणे, आणि वर्तमानपत्राच्या पानावर ठरलेले अक्षर शोधून खोडणे. पण प्रत्येक सरावानंतर मी त्याला विचारत असे की ही युक्ती बागेत कुठे लागेल. बागेत तिचा उपयोग त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितला की मगच तो सराव संपला असे आम्ही मानायचो.

मोटार सुरू करून काम करायला त्याला बराच काळ लागला, आणि स्टार्टरला हात लावणे आम्ही सर्वांत शेवटी ठेवले. आज तो रंग न बघता पाणी बदलतो, पण पत्रा तिथेच आहे आणि तो राहू द्यावा असे माझे सांगणे आहे. आधार काढून घेणे हे आपले ध्येय नसते. चष्मा लागलेल्या माणसाला आपण चष्म्याविना वाचून दाखव असे म्हणत नाही.

आता तुमच्या घराचे पाहू. पहिले काम भावाला बदलण्याचे नाही, घर थोडे बदलण्याचे आहे. अमेरिकेत डॉन व्हेलिगन यांनी या पद्धतीचा पद्धतशीर अभ्यास केला आहे, आणि तिला फारसा खर्च येत नाही. गोळ्यांसाठी सकाळ-रात्रीचे कप्पे असलेली डबी आणा आणि ती चहाच्या कपाजवळ ठेवा, म्हणजे चहा घेताना डबी डोळ्यांसमोर येईल. दाराच्या आतल्या बाजूला खुंटीवर पिशवी, पाकीट आणि चिठ्ठीची वही एकत्र टांगा. अंघोळीचे कपडे आदल्या रात्रीच काढून ठेवा. सूचना एका वेळी एक द्या, त्याच्या समोर येऊन द्या, आणि ती त्याच्याकडून एकदा म्हणवून घ्या. काम सुरू करणे हीच त्याची अडचण निघाली, तर ठरलेल्या वेळेला मोबाइलचा गजर आणि त्याबरोबर पहिली पायरी कोणीतरी सोबत करणे एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. सर्वांनी मिळून हे सांभाळले पाहिजे. एकाने चिठ्ठी द्यायची आणि दुसऱ्याने ‘इतकं बी ध्यानात राहत नाही का’ म्हणायचे, असे झाले की ती चिठ्ठी त्याला शिक्षेसारखी वाटू लागते.

सरावासाठी बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेचा अनुभव आपल्याला जवळचा आहे. तिथल्या संशोधकांनी आजाराच्या पहिल्या टप्प्यातल्या रुग्णांसाठी घरी करायचा दोन महिन्यांचा कार्यक्रम तयार करून त्याचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. अशा कार्यक्रमांत धान्य निवडणे, अक्षरे खोडणे यांसारखी कागद-पेन्सिलची आणि घरगुती साधनांची कामे वापरली जातात. तूर, मूग आणि ज्वारी मिसळून वाटीभर धान्य वेगवेगळे करणे हा लक्ष टिकवण्याचा उत्तम सराव आहे, मात्र त्यात वेळ आणि चुका मोजून दोन्ही लिहून ठेवायला हवे, नाहीतर ते नुसते घरकाम राहते. काठिण्य असे ठेवा की दहापैकी साधारण आठ वेळा त्याला यश येईल. सलग तीन-चार दिवस सोपे जाऊ लागले तर एक धान्य वाढवा. निम्म्यात उठून जाऊ लागला तर कमी करा. सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटे पुरेत. संशोधनातल्या कार्यक्रमांत बहुधा आठवड्याला दोन-तीन बैठका काही महिने चालतात, आणि आठवडाभरात फरक दिसेल अशी अपेक्षा ठेवून कोणी सुरुवात करू नये.

त्याला आयटीआयचा ओढा असेल तर सराव तिकडे वळवा. एक रिकामा लाकडी बोर्ड, दोन स्विच, एक होल्डर आणि वायरचे तुकडे घ्या. आकृती पाहून जोडणी करायची, जोडताना पायरी मोठ्याने बोलायची. विजेला जोडलेला बोर्ड मात्र इतक्यात नको. औषधांची गुंगी आणि लक्षातली चढउतार असताना जिवंत वायरीशी काम करणे धोक्याचे आहे, आणि ती वेळ केव्हा आली हे डॉक्टर व शिकवणारा यांनी मिळून ठरवावे.

याच्या जोडीला रोज दम लागेल इतपत चालणे ठेवा. व्यायामाने स्किझोफ्रेनियातल्या लक्ष-स्मरणातही सुधारणा होते याला चांगला आधार आहे. पण आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि या आजारातली कित्येक औषधे शरीराची उष्णता सांभाळण्याची यंत्रणा मंदावतात. मी वर सांगितलेली ट्रायहेक्सिफेनिडिल तर घामच कमी करते. त्यामुळे उन्हाळ्यात चालणे उजाडताना, पाण्याची बाटली बरोबर घेऊन, आणि दुपारच्या शेतकामाला पूर्ण सुट्टी. चक्कर, अंग तापणे किंवा गोंधळलेले बोलणे दिसले तर थांबू नका, दवाखान्यात न्या.

तुम्ही विचारले नाही, तरी एका क्षमतेबद्दल सांगते, कारण गावात तिच्यावाचून अडते. पारावर चार जण हसले की ते माझ्यावरच हसले असे त्याला वाटते का? तो संशय दर वेळी आजार उलटल्याचाच असतो असे नाही; पुष्कळदा चेहरा आणि आवाज यांचा अर्थ लावण्याची क्षमता मंदावलेली असते आणि मन सापडेल तो पहिला अर्थ पकडते. अशा वेळी ‘तसं काही नाही’ म्हणून विषय संपवू नका. ते का हसले असतील याची तीन कारणे त्याच्याबरोबर शोधा, आणि कोणत्या कारणाला काय पुरावा आहे ते विचारा. मालिका पाहताना आवाज बंद करून पात्राला काय वाटते आहे हे ओळखण्याचा खेळही चांगला चालतो. कानबाईच्या रोटांसारख्या सणाला भाऊबंद जमतात तेव्हा त्याला गर्दीत नुसते बसवून ठेवण्यापेक्षा पाणी देणे, पत्रावळी मांडणे असे एक ठरलेले काम द्या; काम हातात असले की काय बोलावे हा प्रश्न सुटतो.

आप्पांशी बोलणे कदाचित सर्वांत अवघड जाईल. सतत टीका आणि रागावणे असलेल्या घरांत आजार उलटण्याचे प्रमाण जास्त असते, हे १९७० च्या दशकापासूनच्या अभ्यासांनी वारंवार दाखवले आहे. पण हे वाक्य त्यांच्या तोंडावर फेकू नका, कारण त्यांच्या रागाच्या तळाशी काळजी आहे: माझ्या पश्चात याचे कसे होणार. त्यांना चिठ्ठीचा प्रयोग स्वतः करू द्या. ज्या वडिलांनी तो केला, त्यांच्यापैकी अनेकांचा सूर मी बदललेला पाहिला आहे, आणि काही जण मुलाचे उत्तम शिक्षक झाले आहेत.

मदत कुठे मिळेल, याचे उत्तर आपल्या भागात दुर्दैवाने आखूडच आहे. राज्याची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. खानदेशात एकही नाही. परंतु जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली शासकीय रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ते यांच्याशी बोलण्याचा आग्रह धरा, नुसती गोळ्यांची चिठ्ठी घेऊन परतू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने पुनर्वसनाच्या सेवाही उपचाराच्या हक्कात धरल्या आहेत. टेली-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे. दिव्यांगांच्या २०१६ च्या कायद्यात मानसिक आजाराचा समावेश असून ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झाले तर लाभ मिळतात. प्रमाणपत्र काढल्याने त्याच्यावर शिक्का बसेल का, हा तुमच्या कुटुंबाचा निर्णय आहे, पण त्यात त्याचे मत आधी विचारा.

राहिला त्या महाग अभ्यासक्रमाचा प्रश्न. पैसे भरण्याआधी केंद्राला विचारा की प्रत्येक बैठकीला प्रशिक्षित माणूस भावाशेजारी बसणार आहे का, आणि त्याचे शिक्षण काय आहे. सुरुवातीची चाचणी कोणत्या भाषेत होईल, आणि ध्येय भाऊ ठरवणार की ते ठरवणार, हे विचारा. संगणकावर शिकलेले घरातल्या किंवा शेतातल्या कोणत्या कामाला जोडणार आणि घरच्यांना काय शिकवणार, हे त्यांना उदाहरण देऊन सांगायला लावा. त्याच्या डॉक्टरांशी ते बोलणार आहेत का, आणि मध्येच झोप उडाली, पुटपुटणे किंवा संशय वाढला तर सराव थांबवून काय करणार, हेही विचारा. सरळ उत्तरे मिळाली आणि पैसे झेपत असतील तर एक महिन्यापुरतेच भरून पाहा. ‘सॉफ्टवेअरच सगळं करतं’ असे उत्तर आले, तर तेच पैसे जळगावच्या बसभाड्याला, गोळ्यांच्या डबीला आणि त्या लाकडी बोर्डाला लावा. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना चिठ्ठीच्या प्रयोगाची तीन दिवसांची नोंद आणि सुरू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे बरोबर न्या.